हार्लेचा ठोका कुठून येतो

हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलचा आवाज कुठून येतो असं विचारलं, की निम्मे लोक सायलेन्सरकडे बोट दाखवतात. सायलेन्सरचा नंबर नंतरचा. ठोका ठरतो तो आत, क्रँकवर, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरवण्यात बदलणाऱ्या दांड्यावर.

आपल्या बुलेटला सिलिंडर एक. क्रँकचे दोन फेरे झाले की एक फायरिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचा एक भडका, सरळ हिशेब. हार्लेला सिलिंडर दोन, त्यांच्यात कोन 45 अंशांचा, आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारे दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर. एका रॉडचं खालचं टोक दुबेळक्यासारखं, दुसरा त्याच्या बेचक्यात बसतो. म्हणून एका फायरिंगनंतर दुसरं 315 अंशांनी (एक फेरा वजा 45) होतं आणि तिसऱ्यासाठी मात्र 405 अंश (एक फेरा अधिक 45) वाट बघावी लागते. इंजिन लंगडत चालल्यासारखं वाटतं ते यामुळे.

1909 मध्ये हार्लेने अमेरिकेतल्या मिलवॉकीत पहिली व्ही-ट्विन (V आकारात दोन सिलिंडर) केली, तेव्हा कोणी आवाजाचा विचार करत नव्हतं. फ्रेम सायकलच्या वळणाची, त्यात मावेल असं अरुंद इंजिन हवं होतं आणि एका पिनवर काम स्वस्तात भागत होतं. स्प्रिंगफील्डच्या इंडियन या प्रतिस्पर्धी कंपनीचाही मार्ग तोच, फक्त त्यांच्या चीफ मॉडेलचा कोन 42 अंशांचा. लोक ज्याला गाडीचा आत्मा-बित्मा म्हणतात, ती मुळात काटकसर आहे. पुढे 1994 मध्ये हार्ले कंपनीने याच आवाजाचा ट्रेडमार्क मागितला! प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि 2000 मध्ये अर्ज मागे गेला.

माझं मन बसलंय ते हार्लेच्या 1936 च्या नकलहेड इंजिनाच्या गाडीवर. रॉकरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तरफांची) झाकणं वळलेल्या मुठीच्या पेरांसारखी दिसतात, म्हणून हे नाव. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर आले, ताकद वाढली. 1937 मध्ये रेसर जो पेट्रालीने हार्लेवर बसून अमेरिकेतल्या डेटोनाच्या वाळूवर ताशी 136 मैलांचा वेग गाठला. सुरुवातीच्या इंजिनांतून तेल गळायचं, हेही खरंच.

ही गाडी चालवायची म्हणजे चारही हातपाय कामाला. क्लच डाव्या पायाशी, गिअरचा दांडा टाकीच्या डाव्या बाजूला. उजवी मूठ थ्रॉटलची आणि डावी मूठ ठिणगीच्या टायमिंगची. किक मारण्याआधी डावी मूठ फिरवून टायमिंग मागे घ्यायचं, इंजिन पकडलं की पुढे. विसरलात तर किक उलटी येते आणि गुडघ्याचं काही खरं नाही. पुढे 1952 मध्ये पायाचा गिअर आला, 1965 मध्ये बटणस्टार्ट. आराम वाढला, पण एक पिन आणि 45 अंश तसेच राहिले.

बदल करून पाहिला नाही असं नाही. 2001 मध्ये पॉर्शच्या मदतीने व्ही-रॉड या नव्या मॉडेलचं इंजिन केलं: 60 अंशांचं, पाण्याने थंड होणारं, जोरदार. इंजिनिअर म्हणून मला ते आवडतं. जुने हार्लेवाले मात्र तिला शेवटपर्यंत आपली म्हणायला तयार झाले नाहीत.