प्रेसिडिओ: हुकमाने उगवलेलं रान

(दृश्य: धुक्यातून वर येणारा गोल्डन गेट पूल. कॅमेरा दक्षिण टोकाकडे वळतो.)

गोल्डन गेट पूल आपण फोटोत शेकडो वेळा पाहिलेला असतो. त्याच्या सॅन फ्रान्सिस्कोकडच्या टोकाला जी गर्द झाडी आहे, तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ते प्रेसिडिओ, एकेकाळची लष्करी छावणी, आज उद्यान. जवळजवळ १,५०० एकर. ही झाडी आपोआप वाढलेली नाही, ती लष्कराने लावून घेतली आहे.

मुळात इथे वाळूच्या टेकड्या, खुरटी झुडपं आणि सोसाट्याचा वारा. जमीन इथल्या मूळनिवासी ओलोनी लोकांची. १७७६ मध्ये स्पॅनिश सैनिकांनी ठाणं उभारलं, पुढे मेक्सिकोचं निशाण लागलं, मग अमेरिकेचं. १८८३ मध्ये मेजर विल्यम जोन्स यांनी आराखडा मांडला: टेकड्यांचे माथे झाडांनी झाका, म्हणजे छावणी आहे त्याहून कितीतरी मोठी वाटेल. मग निलगिरी, सायप्रस आणि पाइन लावले गेले. काही ठिकाणी ते आजही सरळ रांगेत उभे आहेत.

(दृश्य: खाडीकाठची ६४० क्रमांकाची इमारत. रिकामा, लांबलचक हँगर.)

इथे जरा थांबू. नोव्हेंबर १९४१. या जुन्या हँगरमध्ये गुपचूप एक वर्ग भरला. साठेक विद्यार्थी, बहुतेक जपानी वंशाचे अमेरिकन सैनिक. शिकायची ती लष्करी जपानी भाषा, शत्रूचे कागद वाचता यावेत म्हणून. पुढच्या महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९४२ च्या वसंतात, याच छावणीतल्या मुख्यालयातून, जनरल जॉन डेविट यांच्या सहीने हुकूम निघू लागले: पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांनी घरं सोडावीत. एक लाखाहून जास्त माणसं काटेरी तारांच्या आड गेली. मुलगा वर्गात देशासाठी शिकतोय आणि त्याच आवारातून त्याच्या आईबापांना घराबाहेर काढणारा कागद निघतोय! आज त्या इमारतीत संग्रहालय आहे. ती पाडली असती, तर ही गोष्ट सांगायला जागाच उरली नसती.

(दृश्य: ध्वजस्तंभ, रिकामं कवायतीचं मैदान.)

छावणी वाचली ती एका कलमामुळे. १९७२ मध्ये खासदार फिलिप बर्टन यांनी इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यात लिहून ठेवलं, की लष्कराला प्रेसिडिओ नको झालं, तर ते उद्यानाकडे जाईल. तेव्हा लष्कर जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण शीतयुद्ध ओसरलं, तळ बंद होऊ लागले आणि १९९४ च्या ऑक्टोबरात किल्ल्या उद्यानाच्या हाती आल्या.

सोबत शेकडो जुन्या इमारती आणि गळकी छपरं. खर्च कुणी करायचा? १९९६ मध्ये संसदेने प्रेसिडिओ ट्रस्ट नेमला आणि अट घातली: २०१३ पर्यंत स्वतःच्या पायावर उभे राहा, नाहीतर जागा विक्रीला निघेल. म्हणून ट्रस्ट घरमालक झाला. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत भाडेकरू आले. लेटरमन लष्करी रुग्णालयाच्या जागी २००५ मध्ये ‘स्टार वॉर्स’ सिनेमे बनवणाऱ्या लुकासफिल्मचं कार्यालय उभं राहिलं, दारात त्याच सिनेमातल्या योडाचा पुतळा असलेलं कारंजं! काहींना हे खटकलं, उद्यानात कसला धंदा म्हणून. मला विचाराल, तर भाडं येतं म्हणून तर त्या छपरांची डागडुजी होते. अट मुदतीत पुरी झाली.

(दृश्य: क्रिसी फील्ड. ओहोटी, चिखलात चालणारे पक्षी.)

खाडीकाठी जिथे विमानांची धावपट्टी होती, तिथलं डांबर आणि दूषित माती काढून १९९९ मध्ये भरतीचं पाणी पुन्हा आत घेतलं. २०२२ मध्ये महामार्गाच्या बोगद्यांवर माती टाकून १४ एकरांची नवी बाग झाली.

पण जपायचं म्हणजे नेमकं काय? लष्कराने लावलेली झाडं इतिहास आहेत, आणि त्यांच्या सावलीत गुदमरलेलं मूळचं रानही.

(दृश्य: लालसर खोडाचं, जमिनीलगत पसरलेलं झुडूप.)

२००९ मध्ये त्याच महामार्गाच्या कामासाठी झाडं तोडली गेली. रस्त्यांच्या मधल्या एका तुकड्यावर हे उघडं पडलं. फ्रान्सिस्कन मान्झानिटा. रानातून १९४७ पासून नाहीसं झालेलं, फक्त काही बागांत उरलेलं. जानेवारी २०१० मध्ये मुळांभोवतीच्या मातीसकट, सुमारे दहा टनांचा गोळा क्रेनने उचलला आणि ट्रकवर चढवला. लावलं याच प्रेसिडिओत. नेमकं कुठे, ते मात्र कुणाला सांगत नाहीत.