आधी अर्थिंग, मग प्रोसेसर

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागं उभ्या असलेल्या पोट्ट्यांनी पुढं येऊन बसावं, सतरंजी रिकामीच आहे.

माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, आय-फाइव्ह केवढ्यात बसते?" आय-फाइव्ह म्हणजे इंटेलचा प्रोसेसर, मशीनचा मेंदू. काही जण यूट्यूबवरून यादी उतरवून आणतात. त्या यादीत सगळ्यात वर प्रोसेसर, मग चित्र-व्हिडिओचं काम सांभाळणारं ग्राफिक कार्ड, मग रॅम, आणि अगदी तळाशी कॅबिनेटसोबत येईल तो एसएमपीएस, म्हणजे लाईनची वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा. लाईन गेली की बॅटरीवर थोडा वेळ मशीन चालवतो त्या यूपीएसचा तर पत्ताच नसतो. ज्यानं ती यादी केली त्याच्याकडं चोवीस तास लाईन आहे आणि खोलीत एसी आहे. आपल्याकडं ती उलटी लिहावी लागते. आधी काम लिहायचं, मग लाईनचा बंदोबस्त, आणि त्यातून उरेल त्या पैशात प्रोसेसर बसवायचा. भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून मी आज रुपये सांगणार नाही, कुठं हात सैल सोडायचा आणि कुठं आखडायचा ते सांगतो.

कामाचं थोडक्यात उरकतो. सेतू केंद्रवाल्याला काय लागतं? ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, अंगठ्याचं मशीन, स्कॅनर, प्रिंटर. पीक विम्याच्या दिवसांत दारात रांग असते, तेव्हा मशीन अडकू नये एवढीच अपेक्षा. त्याला चार कोअरचा प्रोसेसर, त्याच्यातलंच ग्राफिक, १६ जीबी रॅम आणि फाइली साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरून उरते. वेगळ्या ग्राफिक कार्डावर एक रुपया घालू नये. मात्र अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजवरच चालतं, म्हणून विंडोजचा परवाना बजेटात धरावाच लागतो. ज्या पोरीला प्रोग्रामिंग शिकायचंय तिनं विंडोजऐवजी बिनधास्त फुकटचं लिनक्स टाकावं. ते पैसे वाचतात, आणि शिकण्यात काही अडत नाही.

आता त्या आय-फाइव्हचं बघू. बाजारात एक माल फिरतो: "आय-फाइव्ह, १६ जीबी, ५१२ एसएसडी, नवा कोरा." किंमत ऐकून माणूस खूश. कॅबिनेट खरंच नवं असतं, वरचं प्लास्टिकही निघालेलं नसतं. उघडून बघितलं तर आत एच-६१ चा जुना मदरबोर्ड आणि आय-५ ३४७० प्रोसेसर. तो प्रोसेसर २०१२ सालचा. नंबरातच सगळं लिहिलेलं असतं. ३४७० चा पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. १२१०० चे पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी. २०२२ साली आलेला आय-३ १२१०० त्या जुन्या आय-फाइव्हला सहज मागं टाकतो, नावात तीन असला तरी. आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे हा "नवा कोरा" माल घरी आल्या दिवशीच म्हातारा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: पूर्ण नंबर काय? तो नंबर बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

ऑफिसांतून निघालेली जुनी ब्रँडेड मशिनं मिळतात, तो व्यवहार त्यापेक्षा सरळ आहे. आठव्या पिढीच्या पुढचं असेल तर सेतूच्या कामाला मी स्वतः तेच सुचवतो. अडचण एवढीच की त्यातल्या बऱ्याच मशिनांचा एसएमपीएस कंपनीच्या मापाचा असतो, पिनाही वेगळ्या. तो गेला की यवतमाळच्या बाजारात त्याचा जोड सापडत नाही.

आता लाईन. इथं जरा थांबतो, कारण माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांचा मोठा हिस्सा इथूनच येतो.

पहिली गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं कितीजण सांगतात! लोक म्हणतात, "चालते भाऊ, सवय झाली." एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेजलाही जोडलेले असतात, न्यूट्रललाही, आणि दोन्हींचं मधलं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला. अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत उतरतो. नसेल तर पत्र्यावर लाईनच्या निम्मा व्होल्टेज उभा राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस वाचतो. पण पेनड्राइव्ह, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन लावता-काढता तोच करंट यूएसबीच्या वाटेनं जातो आणि पोर्ट मारतो.

तपासायला साधं मीटर पुरतं, पण ते वायरमनच्या हातूनच करून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास आलं, तर फेज आणि अर्थिंगमध्येही जवळजवळ तेवढंच यायला पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काहीतरी गडबड आहे. अर्थिंगच्या पॉइंटवर काहीच आलं नाही तर तिसऱ्या पिनची वायर बोर्डातच लोंबकळत असते, बऱ्याच घरांत हेच निघतं. खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं तरी काम एकदाच संपत नाही. आपली काळी माती एप्रिल-मे मध्ये भेगाळते, कोरडी ठाक होते, आणि इलेक्ट्रोडची पकड सुटते. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत राहा. हे फक्त कॉम्प्युटरसाठी नाही बरं. लोखंडी कूलरचा शॉक लागून दरवर्षी माणसं जातात, ते आपण पेपरात वाचतोच.

दुसरी गोष्ट न्यूट्रल. वादळात डीपीकडून येणारी न्यूट्रलची तार तुटली, की तीन फेजवरची घरं एकमेकांच्या जोडीला लागतात. ज्या फेजवर लोड कमी, त्या घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज चढू शकतो. एका रात्रीत आळीतले टीव्ही, फ्रिज, चार्जर जातात, ते याच्यामुळं. चांगला एसएमपीएस २४० च्या थोडं वरपर्यंत टिकतो, ४०० ला कोणीच टिकत नाही. मेन बोर्डात जादा-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारा प्रोटेक्टर बसतो, तो बसवून घ्या. कॉम्प्युटरसोबत घरातलं बाकी सगळंही वाचतं.

तिसरा एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येतो त्याच्यावर "४५० वॅट" छापलेलं असतं. छापायला काय जातं? बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि अँपिअर वाचा. तिथं १८ लिहिलं असेल तर बारा गुणिले अठरा, २१६ वॅट झाले. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून खातात, म्हणजे कामाचे वॅट तेवढेच. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर हा आकडा ३५ च्या आसपास असतो. ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवतो याचा) शिक्का आणि ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज नीट ओढणारं सर्किट) असलेला घ्या, आणि स्टिकरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे का ते बघा. थ्री-फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, गावात व्होल्टेज १६० वर येतो, ट्यूबलाइट फडफडते. असा एसएमपीएस त्याही वेळेस निवांत चालतो.

"घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. इन्व्हर्टरच्या मागं बहुतेक एक बटण असतं, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोडचं. नॉर्मलवर लाईन जाताना मधला झटका लांब असतो, मशीन रीस्टार्ट होऊ शकतं. यूपीएस मोडवर झटका लहान, पण तो मोड साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईन घेतच नाही. म्हणजे मोटरी चालू असतात त्या सगळ्या वेळात, लाईन असूनही, इन्व्हर्टर बॅटरी खात बसतो. ज्या गावात व्होल्टेज पडतो तिथं कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा वेगळा लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस बरा, म्हणजे पडलेला व्होल्टेज बॅटरी न खाता सावरून घेणारा. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. ग्राफिक कार्ड नसलेलं मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या निम्म्यातही भागतं. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, फॉर्म सबमिट करून मशीन बंद करायला तेवढी बस्स. ग्राफिक कार्ड असेल तर १००० व्हीएच्या पुढं जा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीच लावू नका. तो तापताना शेकड्यांनी वॅट ओढतो आणि यूपीएस जागच्या जागी बसतो.

मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि नेटची वायरही काढायची. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते, आणि तिथून लॅनच्या तारेनं मदरबोर्डात.

उन्हाचं गणित सोपं आहे. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची गरमी. यूट्यूबवाल्याच्या खोलीत २४ डिग्री, आपल्या टिनाच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ४२. तिकडं ६५ दाखवणारं मशीन इकडं ८३ दाखवणार, त्यात मशीनचा दोष काही नाही. म्हणून आपण ६५ वॅटच्या प्रोसेसरच्या वर जाऊ नये, आणि कॅबिनेट समोरून जाळीचं घ्यावं. समोर सपाट काच आणि आत रंगीत दिवे, ही भट्टी आहे. कूलरच्या झोतात मशीन ठेवू नका, त्या हवेत पाण्याचे बारीक कण असतात. जिनिंगच्या जवळ राहणाऱ्यांना रुईचे तंतू महिन्याभरात फिल्टरवर गादीसारखे चिकटलेले दिसतील. ते ब्लोअरनं उडवा, पण पंख्याचं पातं बोटानं धरून, नाहीतर पंखा उलटसुलट गरगरून बेअरिंग खराब होतं. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या फेकू नका. तिथून पाल आत शिरते, आणि एसएमपीएसपर्यंत पोचली तर पालही जाते, एसएमपीएसही.

आता कुठं प्रोसेसर आला. ग्राफिक कार्ड न घेता थोडा खेळ, थोडं एडिटिंग करायचं तर एएमडीचा २०२१ चा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर अजूनही कामाचा आहे: सहा कोअर, ६५ वॅट, आत बऱ्यापैकी ग्राफिक. तो एएम-४ सॉकेटवर, म्हणजे बोर्डावरच्या त्या मापाच्या जागेत बसतो, आणि त्याला डीडीआर-४ पिढीची रॅम लागते. एएम-५ घ्याल तर डीडीआर-५ शिवाय पर्याय नाही. ते महाग, पण पुढं नवा प्रोसेसर टाकायला वाट मोकळी. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, एकाच नावाचे, म्हणून ऑर्डर देताना डबल बघा. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते.

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटाला भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला, आणि त्याची झळ दारव्ह्याच्या पोरालाही लागली. तरी प्रोसेसरमधल्याच ग्राफिकवर काम असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या, १६ ची एक नको. ते ग्राफिक याच रॅमवर जगतं, आणि दोन पट्ट्यांनी त्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो. फॉर्म भरायच्या मशीनला एक पट्टी चालते, पुढच्यासाठी एक खाच मोकळी राहते.

लग्नाचे व्हिडिओ करणारे दोघं-तिघं बसलेले दिसतात, त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये एचईव्हीसी फाइल देतात, म्हणजे रंगाची माहिती जास्त धरणारी पण दाबून लहान केलेली. ती उलगडायचं काम इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक स्वतःच करतं. एनव्हिडियाची ५० मालिकेच्या आधीची कार्डं हे करत नाहीत. म्हणून थोडे पैसे वाचवायला शेवटी "एफ" असलेला इंटेल घेऊ नका. एफ म्हणजे आत ग्राफिकच नाही. मग महागाचं कार्ड असूनही टाइमलाइन अडखळत चालते आणि माणूस म्हणतो कार्ड खराब आहे.

बिल पक्कं घ्या. तुमच्या स्वतःच्या दुकानाचा किंवा केंद्राचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर टाका, १८ टक्क्यांतले हक्काचे पैसे वळते होतात. इंटेल किंवा एएमडीचा बॉक्समधला प्रोसेसर तीन वर्षांच्या वॉरंटीचा असतो, ट्रे म्हणून सुटा मिळतो त्याला ते संरक्षण नसतं. खोके माळ्यावर टाकून ठेवा. वॉरंटीसाठी माल नागपूर किंवा अमरावतीला पाठवायची वेळ आली की तेच लागतात.

(प्रश्नोत्तरांतून)

मागून एका काकांनी विचारलं, "एवढं सगळं करून पैसे कमी पडले तं काय कापाचं?" काका, ग्राफिक कार्ड पुढच्या कापसावर ढकला, ते केव्हाही लावता येतं. हार्ड डिस्क नंतर घ्या, सुरुवातीला एसएसडीवर भागतं. कीबोर्ड-माउस साधे घ्या. मॉनिटर घरातला जुना चालतो, फक्त त्याच्या मागं व्हीजीए आहे की एचडीएमआय ते आज घरी गेल्यावर बघून घ्या, कारण नव्या बोर्डांवर व्हीजीए असेलच असं नाही. एसएमपीएसला मात्र कात्री लावू नका. मॉनिटरचं ते पोर्ट बघून उद्या दुकानावर या, यादी तिथंच करू.