बंड्याची शंकरपाळी

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांनी जरा पुढे या, हा माईक मधेच कुई करतो आणि माझा आवाज काही फार पोचत नाही. मला सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं की कुत्र्यासाठी घरी बिस्किटं कशी करायची यावर बोलाल का, तर मी म्हटलं अहो मी डॉक्टर नाही, मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारी बाई, मला पीठ कसं वागतं ते कळतं. ते म्हणाले तेवढंच सांगा. पण तेवढंच सांगून भागणार नाहीये, कारण माझ्याकडे याची सुरुवातच मुळी फजितीने झाली.

आमचा बंड्या, गावठी, बारा किलो वजन. एका दिवाळीत ऑर्डरचे रवा-बेसनाचे लाडू वळून परातीत ठेवले होते, प्रत्येकावर एकेक बेदाणा टोचलेला आणि आतपण भरपूर, निफाडच्या आमच्या नात्यातल्यांनी पाठवलेले होते ना, मग हात सैल सुटला. मी फोन घ्यायला बाहेर गेले, आले तर परातीत सात लाडवांची जागा रिकामी. मला आधी राग आला तो ऑर्डर कमी पडेल म्हणून, खरं सांगते. मुलीला सहज फोन केला, ती ओरडलीच, आई बेदाणे होते का त्यात, डॉक्टरकडे पळ आधी. डॉक्टरांनी तासाभराच्या आत इंजेक्शन देऊन उलटी करवली, मग दोन दिवस सलाईन आणि किडनीच्या रक्ताच्या टेस्ट. वाचला. पण द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या किडनीला विष आहे हे मला नाशकात जन्म काढून माहीत नव्हतं! आणि बेदाणा जास्त वाईट, कारण वाळवल्यावर सगळं त्यात आटून घट्ट होतं. किती खाल्लं की त्रास होतो याचा भरवसा नाही, एखादा कुत्रा पचवतो, एखादा थोड्यात जातो, म्हणून एक दाणा पण नको.

हे का होतं ते बरीच वर्षं कोणाला सांगता येत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडवर बोट ठेवलं, आणि ते कसं कळलं माहितीये का, मुलांना खेळायला घरी मळलेला कणकेचा गोळा कुत्र्याने खाल्ला, त्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे त्याच ॲसिडचा क्षार, बेकिंगमध्ये घालतात ती पांढरी पावडर, आणि लक्षणं हुबेहूब द्राक्षासारखी. इथे कोणी वायनरीत काम करत असेल तर त्यांना टार्टारिक ॲसिड नवीन नाही. आपल्याला मात्र ते आणखी एका ठिकाणी भेटतं, चिंचेत. म्हणजे चिंचगुळाची आमटी पण बंड्याच्या ताटलीतून गेली.

द्राक्ष गेलं, आता कांदा. लासलगाव आपलं, आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून मिरवतो, आणि कांदा लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर, काहीही. लगेच दिसतही नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल पडतो, हिरड्या पांढऱ्या होतात, तोवर आपण विसरलेलो असतो की रविवारी मिसळीचा उरलेला रस्सा पाव बुडवून घातला होता. घालतोच की आपण. ज्याच्यासाठी नाशिक ओळखलं जातं नेमकं तेच याला चालत नाही, त्यामुळे मी सांगते की आधी काय टाकायचं नाही ते पक्कं करा, मग पीठ मळा.

बाकीचं पटकन सांगते. चॉकलेट नाही, जायफळ नाही, मीठ साखर गूळ काही नाही. पीनट बटरच्या बरणीवरची अक्षरं वाचा, शुगर-फ्री असेल तर त्यात साखरेऐवजी गोडीला घातलेलं झायलिटॉल असू शकतं, कधी नुसतं ई ९६७ लिहितात, त्याने कुत्र्याची साखर धाडकन खाली येते आणि लिव्हरपण जाऊ शकतं. मी तर बरणी आणतच नाही, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट चमचाभर, झालं.

आता करायचं कसं. एक वाटी नाचणीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी लाल भोपळ्याचा गर, एक अंडं, तो कूट. भोपळा कुकरमध्ये वाफवा, पण त्याच्या भांड्यात पाणी घालू नका, आणि चाळणीत तासभर निथळत ठेवा, नाहीतर पीठ सैल होतं आणि मग तुम्ही पीठ वाढवत बसता. नाचणीला चिकटपणा नसतो, लाटायला घेतली की कडा फाटतात, म्हणून ती कणीक आणि अंडं. दुधाची पिशवी कापून धुवून तिच्या दोन थरांमध्ये लाटा, अर्धा सेंटीमीटर जाड, आणि शंकरपाळ्याच्या कातण्याने कापा. हाडाच्या आकाराचे साचे मिळतात ऑनलाइन, ते आपल्याला फोटोत बरं दिसावं म्हणून, बंड्याला आकार कळत नाही. सोडा-बिडा काही नको, फुगवायचं नाहीये. ओव्हन १६० डिग्री, तीसेक मिनिटं, मग बंद करून ट्रे रात्रभर आतच राहू द्या. हे राहू देणंच महत्त्वाचं. सकाळी मोडून बघा, कट् आवाज आला पाहिजे. वाकलं तर आत ओल आहे, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ओल राहिली की चौथ्या दिवशी हिरवी बुरशी, आणि बुरशी आलेलं 'त्याला काय कळतंय' म्हणून घालू नका.

कोणीतरी विचारेल की कुत्रा मांस खाणारा, त्याला नाचणी कशाला. २०१३ मध्ये नेचर मासिकात एक संशोधन आलं होतं, लांडग्यापेक्षा कुत्र्याच्या अंगात पिष्ट पचवणाऱ्या जीनच्या कितीतरी जास्त प्रती असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढली त्याचा हा परिणाम असावा. आपली गावची कुत्री भाकरीवरच वाढली की. आणि कुत्र्याचं बिस्किट हा धंदा पण असाच सुरू झाला, १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट म्हणून एक अमेरिकन माणूस विजेपासून वाचवणाऱ्या दांड्या विकायला लंडनला गेला, तिथे गोदीवर कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना बघून त्याला सुचलं असं सांगतात. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे १८९१ मध्ये क्रफ्ट्स नावाचा तो प्रसिद्ध डॉग शो काढला.

आता किती द्यायचं, आणि इथे भांडणं होतात. खाऊ हा दिवसाच्या एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत. बंड्याला दिवसाला साधारण सातशे कॅलरी लागतात, म्हणजे खाऊ सत्तर. माझी एक शंकरपाळी पाच ग्रॅमची, सतरा-अठरा कॅलरी. चार. संपलं. त्यात वरून तुम्ही तूप लावलेली पोळी दिली की एका पोळीतच कोटा उडाला. मला एक आजोबा म्हणाले, अहो नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते, कोरडी खाऊ नको म्हणत. मी म्हटलं आजोबा, धावले हे महत्त्वाचं, आणि तो कुत्राही धावत होता, आपला सोफ्यावर असतो! लॅब्राडॉरवाल्यांनी तर जास्तच सांभाळा, त्यांच्यातल्या साधारण चौघांत एकाच्या जीनमध्येच असा बिघाड असतो की भूक जास्त लागते, हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी दाखवलं. तो तुमच्याकडे केविलवाणं बघतो ते उपाशी म्हणून नाही.

शेवटचं एक सांगते आणि बसते. मागच्या दिवाळीत माझा ओव्हन बंद पडला, तर मी नानकटाईच्या पिठाबरोबर बंड्याचा पण एक ट्रे आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत दिला. घ्यायला गेले तर तिथला पोरगा एक चावत उभा. म्हणाला, काकू, ह्याच्यात मीठ राहिलं बघा, साखर पण राहिली. मी म्हटलं अरे ती कुत्र्याची आहेत. तो थांबला, हातातलीकडे बघितलं, आणि दुसरी उचलली. म्हणाला, मग बरोबरेय.