ऐकणारा कोण आहे?

नमस्कार श्रोतेहो.

जुलाबाने बेजार झालेल्या बाळाला ओआरएस कसं द्यायचं, हे आपल्याला लिहायचं आहे असं समजा. डॉक्टरांसाठी लिहायचं तर काम झटपट होतं: एका लिटरमध्ये सोडियम 75 मिलिमोल, ग्लुकोज 75 मिलिमोल, एकूण ऑस्मोलॅरिटी 245. विषय संपला.

हाच कागद बाळाच्या आईच्या हातात दिला तर? तिच्या मनात भलतेच प्रश्न असतात. अर्धी पुडी उद्यासाठी ठेवू का? जरा घट्ट केलं तर लवकर गुण येईल का? पाजलेलं ओकून टाकतंय, मग बंदच करू का? तिच्यासाठी असं लिहावं लागेल: “पुडीवर लिहिलंय तेवढंच स्वच्छ पाणी मोजून घ्या. अख्खी पुडी त्यात विरघळवा. चमच्याने थोडं थोडं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश पाजा.” ऑस्मोलॅरिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, यात कुठे दिसत नाही, पण ‘मोजून घ्या’ म्हटलं ते त्या प्रमाणामुळेच. घट्ट झालेलं द्रावण बाळाला अपाय करू शकतं.

सोपं लिहिणं म्हणजे पातळी खाली आणणं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. आईसाठीचा मजकूर लिहिणाऱ्याला डॉक्टरांचा विषय तर यावाच लागतो, शिवाय त्या घरात रात्री दोन वाजता कशाची धास्ती असते तेही ठाऊक असावं लागतं.

श्रोत्याच्या वयाप्रमाणे त्याचा स्वभाव बदलतो, हे अ‍ॅरिस्टॉटलनेही वक्तृत्वाचा विचार करताना सविस्तर मांडलं होतं. पण मला जास्त जवळचा वाटतो मायकेल फॅरेडे. उमेदवारी बुकबाइंडरकडे केलेली, उच्च गणिताशी ओळख नाही. 1857 मध्ये त्याने गणितात पारंगत असलेल्या मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं की, गणिताने काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही तितकेच पूर्ण आणि नेमके सांगता येणार नाहीत का? विचारणारा स्वतः नामवंत शास्त्रज्ञ होता, आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्ती पेटवून तिच्या ज्योतीतून रसायनशास्त्र उलगडून दाखवायचा.

एक मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. श्रोता बदलला की शब्द, उदाहरणं, सुरुवात, लांबी, सगळं खुशाल बदला. पण एकाला धोका सांगायचा आणि दुसऱ्यापासून तो लपवायचा, ही शैली नव्हे, ही फसवणूक आहे.

लिहून झालं की ज्याच्यासाठी लिहिलं त्यालाच वाचून दाखवा. “समजलं का?” असं विचारू नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात. “आता तुमच्या शब्दांत मला सांगा,” म्हणा. सांगताना तो जिथे अडखळेल, तिथलं वाक्य पुन्हा लिहायला घ्या.