मॉर्फिनच्या जोडीला केटामाइन

विषय जाहीर झालाय तो तीव्र वेदनेत अफूपासून बनणारं वेदनाशामक मॉर्फिन आणि भुलेचं औषध केटामाइन एकत्र देण्याचा. त्यावर येतोच, पण आधी एक रात्र सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला हा विषय मांडताच येत नाही.

मी नुकताच भूलतज्ज्ञ झालो होतो. गळिताचा हंगाम. रात्री अकराच्या सुमारास ऊसतोडणीचा एक गडी कॅज्युअल्टीत आला. ट्रॉली उलटून मांडीचं हाड मोडलेलं, वजन 60 किलोच्या आसपास. मांडी टम्म फुगलेली. स्ट्रेचर उंबऱ्यावरून गेलं की नुसतं "आई गं". मागे बायको, तिच्या हातात त्याची एकच चप्पल. मॉर्फिन मागितलं, तर ते कुलपात. किल्ली ज्या सिस्टरकडे होती त्यांची ड्यूटी बदललेली, दुसरी किल्ली कार्यालयात आणि कार्यालय उघडणार सकाळी. फोनाफोनीत पाऊण तास गेला. त्यात एका वरिष्ठांनी ऐकवलं, "हाडाचे डॉक्टर बघेपर्यंत दुखणं दाबू नका, निदान झाकलं जातं." अहो, मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, कळ थांबवली म्हणून ते लपत नाही! हे वाक्य मी आजही ऐकतो आणि आजही मला तितकाच संताप येतो.

आपल्या शेजारी नीमच-मंदसौरला सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि आपल्या तालुक्याच्या माणसाला मॉर्फिन मिळत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं डॉक्टर धास्तावले. 2014 च्या दुरुस्तीनं वाट बरीच मोकळी केली, पण धास्ती काही गेली नाही. इथे किती जणांच्या दवाखान्यात आज मॉर्फिन आहे? हात वर करा. ...चार. बघा.

तर किल्ली आली. 3 मिलिग्रॅम दिलं, थांबलो, पुन्हा 3, पुन्हा 3. पडून असला की डोळे मिटायचे, श्वास मिनिटाला 10 वर आलेला. पण स्प्लिंट लावायला पाय उचलला की तीच किंकाळी. आणखी मॉर्फिन द्यायला माझा हात धजेना. ऑक्सिजन लावला आणि 100 मिलि सलाईनमध्ये 12 मिलिग्रॅम केटामाइन घालून पंधरा मिनिटांत सोडलं. कपाळावरची आठी सुटताना मी पाहिली. स्प्लिंट बांधून झाल्यावर तो म्हणाला, "पाय दुखतोय डॉक्टर, पण तो लांब गेलाय."

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

मॉर्फिन चेतापेशींवरच्या म्यू रिसेप्टरवर, म्हणजे औषध चिकटतं त्या जागेवर, बसून वेदनेचा निरोप दाबतं. पण मार मोठा असला की निरोपामागून निरोप येत राहतात आणि मज्जारज्जूच तापतो, मग साध्या स्पर्शानंही कळ उठते. हे तापणं एनएमडीए नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरमधून होतं आणि केटामाइन तेच दार लावून घेतं. म्हणजे दोन औषधं, दोन वेगळी दारं. एकट्या मॉर्फिनचाच डोस वाढवत नेला की श्वास मंदावतो, तो धोका इथे कमी होतो. भुलेला केटामाइन किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम लागतं. वेदनेला 0.1 ते 0.3 पुरतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ॲम्ब्युलन्समध्येच हा प्रयोग झाला, 2012 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अपघाताचे 135 रुग्ण, सगळ्यांना आधी 5 मिलिग्रॅम मॉर्फिन. पुढे नुसतं मॉर्फिनच दिलेल्यांची वेदना दहाच्या मोजपट्टीवर 3.2 नं उतरली, केटामाइन दिलेल्यांची 5.6 नं. त्रास मात्र केटामाइनच्या गटात जास्त झाला, बहुतेक किरकोळ, गरगरणं, भांबावणं. म्हणून झटक्यात टोचू नका, दहा-पंधरा मिनिटांत सोडा. आधी रुग्णाला सांगा, "छत लांब गेल्यासारखं वाटेल, मी इथेच आहे." बोटाला पल्स ऑक्सिमीटर हवाच. भ्रमाचा मानसिक आजार असलेल्याला देऊ नका.

डोसचा तक्ता राहिला. सलाईनची बाटली आणि सिरिंज मी आणलीय. चहाच्या वेळी या कोपऱ्यात या, ड्रिप कसं भरायचं ते प्रत्यक्ष दाखवतो.