दोन नोझल, पाणी मात्र एकाचंच

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस सरला की अंगणातल्या जांभ्यावर आणि सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर शेवाळाचा थर राहतो. उन्हात तो वाळून काळा पडतो, आणि सकाळच्या दवाने पुन्हा बुळबुळीत होतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हा प्रश्न नुसत्या स्वच्छतेचा राहत नाही. म्हणून हल्ली अनेक जण प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणारं मशीन घेतात, आणि मोठी जागा असेल तर त्याला लावायचा गोल सरफेस क्लीनरही घेतात. उलट्या परातीसारखं झाकण, त्याच्या आत गरगर फिरणारा दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन नोझल, म्हणजे पाणी बाहेर फेकणारी बारीक तोंडं. सगळी करामत या नखाएवढ्या दोन नोझलांची असते, आणि चूकही बहुतेक तिथेच होते.

तक्रार नेहमीची असते: "मशीनच्या नुसत्या हातातल्या गनने धुतलं तर छान निघतं, पण सरफेस क्लीनर लावला की जोरच जातो. मशीनच कमजोर दिसतंय." अहो, मशीन ठणठणीत असतं. झालेलं असतं असं, की गनवर जे नोझल होतं त्याच मापाची दोन नोझल दांड्याला लावलेली असतात. पंप दर मिनिटाला पाणी देणार तेवढंच. आता बाहेर पडायला वाट मात्र दुप्पट झाली. मग दाब निम्मा होईल असं आपल्याला वाटतं, पण तो होतो चौथा हिस्सा. वाट दुप्पट झाली की पाण्याचा वेग निम्मा होतो, आणि दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ११० बारचं मशीन (बार हे दाबाचं माप) जमिनीवर जेमतेम २७ बारने पाणी मारतं. तेवढ्याने धूळ जाईल, शेवाळ कसं निघणार?

म्हणून पहिलं काम म्हणजे गनच्या नोझलवरचा आकडा वाचा. समजा त्यावर २५०३ असं कोरलंय. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे फवारा किती अंशांत पसरतो ते, इथे २५ अंश. शेवटचे दोन म्हणजे भोकाचं माप, इथे ३. सरफेस क्लीनरला दोन नोझल असतील तर या मापाचे दोन भाग करा, म्हणजे प्रत्येकी दीड. तीन नोझलांचा दांडा असेल तर प्रत्येकी एक. दोन्ही टोकांना माप एकच हवं. एक मोठं, एक लहान लावलं तर दांडा थरथरतो आणि आतलं बेअरिंग लवकर जातं.

घरगुती मशीनच्या गनवर बऱ्याचदा फिरवून फवारा बदलणारं नोझल असतं, त्यावर आकडा नसतो. तेव्हा थोडं गणित करावं लागतं. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. नोझलचा आकडा सांगतो की ४००० पीएसआय, म्हणजे सुमारे २७६ बार दाबाला ते मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी सोडतं. एक अमेरिकन गॅलन म्हणजे साधारण ३.८ लिटर. आता मशीनच्या पाटीवर पाहा. तिथे कमाल दाब मोठ्या अक्षरात असतो. तो सोडा, कामाचा दाब घ्या. समजा १२० बार आणि मिनिटाला ७ लिटर. सातला ३.८ ने भागलं की सुमारे १.८५ गॅलन. २७६ भागिले १२० म्हणजे २.३, त्याचं वर्गमूळ दीडच्या आसपास. १.८५ गुणिले दीड, झाले २.८. दोन नोझलांत वाटले की प्रत्येकी १.४.

बाजारात दीडचं मिळेल, तेच घ्या. मध्ये अडलात तर नेहमी वरच्या मापाकडे जा. दीडच्या जोडीने दाब १२० ऐवजी १०५ बारच्या आसपास राहील, काम अडणार नाही. उलट फारच लहान घेतलं तर पाणी पुढे जाऊ शकत नाही, जास्तीचं पाणी मागे वळवणारा अनलोडर व्हॉल्व्ह उघडतो, आणि तेच पाणी पंपातल्या पंपात फिरून तापतं. पंपाची सीलं अशीच जातात, आणि तो खर्च नोझलच्या कित्येक पट असतो.

मशीनच्या पाण्याला झेपणार नाही एवढी मोठी सरफेस क्लीनरची तबकडीही घेऊ नका. मिनिटाला ७-८ लिटरवाल्या मशीनला १०-१२ इंची तबकडी पुरे. २० इंची तबकडीला १५ लिटर तरी पाणी हवं.

फवाऱ्याचा कोन काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकसाठी २५ अंशांचा ठेवा. शून्य अंशाचं नोझल इथे अजिबात नको, फरशीवर गोल गोल चरे पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. नोझलच्या तोंडावर एक खाच दिसेल. ती दांड्याच्या लांबीला समांतर ठेवून आवळा, म्हणजे फवारा रुंद पट्टा झाडतो. खाच आडवी राहिली तर बारीक रेघ उमटते. आट्यांना टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा भोकात अडकतो. धुतलेल्या जागेवर पट्टे उमटले की आधी हेच तपासा, एक नोझल तुंबलेलं असतं. बोअरचं पाणी असेल तर पंपाच्या तोंडाशी गाळणी हवीच. रेतीने भोक झिजतं आणि दाब हळूहळू उतरतो, चटकन लक्षातही येत नाही. दोन्ही नोझल एकदमच बदला.

जांभ्याचं अंगण असेल तर मात्र ४० अंशांचं नोझल लावा आणि आधी कोपऱ्यात एक हात फिरवून बघा. पाण्याबरोबर चिऱ्याचे लाल कण सुटू लागले, तर मशीन बंद करून तेवढा भाग काथ्याच्या ब्रशने घासा. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतली वाळूही धुताना निघून जाते. ब्लॉक पूर्ण वाळले की बारीक वाळू पसरून झाडूने सांध्यांत भरून घ्या, नाहीतर ब्लॉक हलायला लागतात.

नमस्कार.