कुत्रा स्टुडिओत नव्हता

नेत्याच्या घरातलं लोकांनी विचारावं का, हा प्रश्न जुनाच आहे. त्यासाठी ही जुनी फिल्म, यातली खोली नीट बघा. टेबल, मागे पुस्तकांचं कपाट, पडदे, बाजूला आरामखुर्चीत बसलेली बायको. कुणाच्याही घरातली वाटेल, पण हा हॉलीवूडच्या एल कॅपिटन थिएटरात टीव्हीवरच्या भाषणासाठी लावलेला सेट आहे आणि समोरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या आहेत. तारीख २३ सप्टेंबर १९५२. बोलतोय तो रिचर्ड निक्सन, वय ३९, रिपब्लिकन पक्षाचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार.

भानगड पैशाची होती. समर्थकांनी त्याच्यासाठी १८,००० डॉलरचा फंड जमवलेला, तो गेला कुठे असं पेपरवाले विचारत होते आणि तिकीट जायची वेळ आली होती. आता प्रश्न हिशोबाचा, म्हणजे उत्तरही हिशोबाचंच पाहिजे ना? तसा तो सुरुवातीला देतोही हिशोब, ऑडिट झालंय, वकिलांचं मत घेतलंय वगैरे, आणि मग बघा गाडी कशी घराकडे वळते ते. १९५० ची ओल्ड्समोबाईल, घरावरचं कर्ज, आईवडिलांना परत द्यायचे पैसे, बायकोकडे मिंकच्या फरचा महागडा कोट नाही, साधा कापडी आहे. मधेच कॅमेरा बायकोवर, पॅटवर जातो. ती हलत नाही, नजर नवऱ्यावर. आपल्याकडे किती कमी आहे आणि डोक्यावर किती देणं आहे हे लोकांना कशाला सांगायचं, असं तिने आधी विचारलं होतं, हे निक्सननेच नंतर लिहून ठेवलंय. या चेहऱ्यावर थोडं थांबू.

मग येतो कुत्रा. टेक्सासमधून कुणीतरी पाठवलेला काळापांढरा स्पॅनियल, सहा वर्षांच्या लेकीने त्याचं नाव ठेवलं चेकर्स, पोरींचा जीव आहे त्याच्यावर, कोणी काहीही म्हणो, आम्ही तो परत देणार नाही. अख्ख्या फिल्ममध्ये हा कुत्रा दिसत नाही. पोरीही नाहीत. तरी भाषण लक्षात राहिलं ते कुत्र्याच्याच नावाने. पाठिंब्याच्या तारांचा पाऊस पडला, तिकीट वाचलं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की घर लोकांसमोर आधी आणलं कुणी ते बघा. ज्याने स्वतः आणलं त्याला घरातलं विचारायचा हक्क मतदाराला आहेच, ज्याने आणलं नाही त्याच्या दाराशी पहारा बसवणं ही वेगळी गोष्ट झाली.

हे व्यंगचित्र १८८४ चं, 'जज' नावाच्या साप्ताहिकातलं. बाईच्या हातातलं बाळ रडतंय, मला बाबा पाहिजे. आणि हा बाजूचा जाडजूड माणूस ग्रोव्हर क्लीव्हलंड, न्यूयॉर्कचा गव्हर्नर, अध्यक्षपदाचा उमेदवार, लग्न झालेलं नाही, आणि हे मूल त्याचंच असा आरोप. काय करायचं असं आपल्या माणसांनी विचारलं तेव्हा त्याने उलट तार केली, काहीही करा पण खरं सांगा. समोर रिपब्लिकन उमेदवार ब्लेन, चांगला संसारी माणूस, पण त्याची रेल्वेच्या पैशांबद्दलची पत्रं बाहेर आलेली. मग एकाने तोडगा काढला, क्लीव्हलंड सरकारी कामात चोख आहे तर त्याला सरकारात पाठवा, ब्लेन घरात चांगला आहे तर त्याला घरी पाठवा. (आम्हाला हा तोडगा फार आवडला.) न्यूयॉर्क राज्य जेमतेम हजार-अकराशे मतांनी मिळालं आणि क्लीव्हलंड निवडून आला. चित्रातल्या बाईचं नाव मारिया हॅलपिन, तिचं मूल काढून घेतलं होतं आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं होतं.

आता मे १९८७, न्यू हॅम्पशायर, गॅरी हार्टची पत्रकार परिषद, किती कॅमेरे आहेत बघा. अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत तो सगळ्यांच्या पुढे होता. बाहेर लफडं असल्याच्या संशयावरून मायामी हेराल्ड या पेपरच्या बातमीदारांनी शुक्रवार रात्रीपासून त्याच्या वॉशिंग्टनच्या घरावर नजर ठेवली, शनिवारी रात्री त्याला घरामागच्या गल्लीत गाठलं आणि रविवारी बातमी छापली. माझ्या मागे फिरून बघा असं हार्ट एका मुलाखतीत बोलला होता म्हणून ते मागे लागले, असं अजून सांगतात, पण ती मुलाखत छापून आली तीही त्याच रविवारी, तोवर पहारा होऊन गेला होता. इथे एक पत्रकार सरळ विचारतो, तुम्ही कधी व्यभिचार केलाय का. हार्ट म्हणतो, याचं उत्तर द्यायला मी बांधील नाही. दोन दिवसांनी तो शर्यतीबाहेर.

आणि हे १९ डिसेंबर १९९८, अमेरिकेचं प्रतिनिधीगृह, लफड्याबद्दल शपथेवर खोटं बोलल्यावरून अध्यक्ष क्लिंटनवर महाभियोगाची चर्चा चालू आहे. उभे आहेत बॉब लिव्हिंग्स्टन, पुढचे स्पीकर ठरलेले. अध्यक्षांनी राजीनामा द्यावा असं ते म्हणतात, समोरून ओरडा येतो, आधी तुम्ही द्या! ते थांबतात. आवाज जरा वाढवून ऐका. मग म्हणतात, मी स्पीकर होणार नाही. स्वतःची लफडी दोनच दिवस आधी कबूल करावी लागली होती. त्यांच्या जागी आलेल्या डेनिस हॅस्टर्टला २०१६ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली ती बँकेतून बेकायदा रीतीने पैसे काढल्याबद्दल, पण कुस्तीचा कोच असताना शाळेतल्या मुलांचं लैंगिक शोषण केल्याची कबुली त्याने कोर्टात दिली.

परत त्या सेटवर येऊ. अर्धा तास संपत आलाय, निक्सन टेबल सोडून पुढे आलाय, लोकांना म्हणतोय पक्षाला पत्रं लिहा, तार करा. पत्ता सांगायचा राहिलाय. वेळ संपते, तो बोलतोच आहे.